परिघाच्या आत आणखी एक परीघ

अर्थशास्त्र म्हटले की आमच्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. इतिहास सांगा, धर्मांतर सांगा, राज्यघटना सांगा, रात्रभर ऐकतील. रुपयाच्या विनिमय दराचा विषय निघाला की मागच्या रांगेतला एकेक जण चहाच्या निमित्ताने मंडपाबाहेर पडतो. आम्हीही याला अपवाद नव्हतो. बाबासाहेबांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये मिळविलेल्या मोठ्या पदव्या अर्थशास्त्रातल्या आहेत, हे भाषणात अभिमानाने सांगायचे आणि तेथेच थांबायचे, अशी आपली रीतच पडून गेली आहे.

आणखी एक खोड आपल्याला आहे. अभ्यास शिबिरात जागतिक भांडवलशाहीचा विषय आला की नावे निघतात ती अ‍ॅडम स्मिथ, रिकार्डो, मार्क्स आणि केन्स यांची. जणू विचार करायचा तो युरोपने आणि भोगायचे ते बाकीच्या जगाने! ज्यांना लुटले गेले त्यांनीही लुटीचा हिशेब मांडला होता, त्या हिशेबाने जगाची भाषा बदलली होती, हे आपल्या कार्यकर्त्यांना क्वचितच सांगितले जाते. म्हणून आज आम्ही वाचकांना लॅटिन अमेरिकेत नेणार आहोत. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘विकास’ या शब्दाला जगात जो अर्थ आला, तो घडविण्यात तेथील मूठभर अर्थतज्ज्ञांचा फार मोठा वाटा आहे. त्यांनी काय पाहिले ते आधी सांगू. त्यांच्या नजरेतून काय सुटले तेही सांगू, कारण आपला खरा संबंध तेथेच येतो.

राउल प्रेबिश हे त्यातले पहिले नाव. जन्म १९०१ चा, अर्जेंटिनातील तुकुमान प्रांतातला. हा माणूस काही झोपडीतून आलेला नव्हता आणि बंडखोर तर मुळीच नव्हता. अर्जेंटिनाने गहू आणि मांस विकावे, इंग्लंडने यंत्रे आणि कापड विकावे, खुल्या व्यापारात दोघांचेही भले होते, ही विलायती पोथी त्याने प्रामाणिकपणे घोकली होती. १९३० च्या मंदीत तो अर्थखात्यात वरच्या जागेवर होता. पोथीत सांगितल्याप्रमाणे त्याने खर्च कापला, पगार कापले आणि परिस्थिती सुधारण्याची वाट पाहिली. परिस्थिती सुधारली नाही. गव्हाचे आणि मांसाचे भाव कोसळले. परदेशातून घ्यायच्या मालाचे भाव मात्र तितके उतरले नाहीत. १९३३ साली अर्जेंटिनाचे शिष्टमंडळ मांसाचा कोटा टिकवण्यासाठी लंडनला गेले, त्याच्याबरोबर प्रेबिश होता. आपल्या वसाहतींना झुकते माप द्यायचे असे ब्रिटनने आदल्याच वर्षी ठरविले होते. खुल्या व्यापाराचा धर्म जगाला शिकविणाऱ्या ब्रिटनने स्वतःच तो धर्म बाजूला ठेवलेला त्याने तेथे डोळ्यांनी पाहिला. कागदावर स्वतंत्र असलेला देश मांस विकण्यासाठी किती वाकतो, हेही पाहिले.

१९३५ साली अर्जेंटिनाची मध्यवर्ती बँक स्थापन झाली आणि तो तिचा पहिला महाव्यवस्थापक झाला. १९४३ च्या लष्करी उठावानंतर त्याला काढून टाकण्यात आले. हाताला काम नाही अशा त्या काळात तो शिकवीत राहिला, लिहीत राहिला आणि स्वतःचीच जुनी पोथी तपासत राहिला. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकेसाठीच्या आर्थिक आयोगाने त्याला एक अहवाल लिहायला सांगितला. स्पॅनिश आद्याक्षरांवरून या आयोगाला ‘सेपाल’ म्हणतात. त्या वर्षी मे महिन्यात हवानाच्या परिषदेत तो अहवाल मांडला गेला. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ हिर्शमन यांनी पुढे त्याला सेपालचा जाहीरनामा म्हटले, ते योग्यच होते.

काय होते त्या अहवालात? जगाची अर्थव्यवस्था ही सपाट बाजारपेठ नाही. तिला एक केंद्र आहे आणि एक परीघ आहे. केंद्रात कारखाने, यंत्रे आणि नवे तंत्र. परिघावर शेतमाल आणि खाणी. दोघांत व्यापार चालतो, पण त्या व्यापाराचे फळ दोघांना सारखे मिळत नाही. हे सिद्ध करण्यासाठी त्याने संयुक्त राष्ट्रांनी ब्रिटनच्या व्यापारावरून काढलेले आकडे वापरले. हे आकडे जमविण्याचे काम हान्स सिंगर यांनी केले होते. हिटलरच्या जर्मनीतून पळालेला हा ज्यू अर्थतज्ज्ञ होता. कच्चा माल विकून त्या पैशात किती तयार माल घेता येतो, याचे प्रमाण १८७६-८० या काळात १०० धरले, तर १९३६-३८ पर्यंत ते ६४ वर आले होते. म्हणजे आजोबांनी शंभर पोती विकून जेवढे लोखंडी सामान घरी आणले, तेवढीच पोती विकून नातवाला त्याचे दोन तृतीयांशही मिळेना.

असे का व्हावे? प्रेबिशचे उत्तर शेतकऱ्याला आणि मजुराला लगेच कळेल असे आहे. तंत्र सुधारले की माल स्वस्तात तयार होतो. केंद्रात या सुधारणेचा फायदा भाव उतरवून गिऱ्हाइकाला दिला जात नाही. तो तेथील मालकाच्या नफ्यात आणि संघटित कामगाराच्या पगारात मुरतो. तेजीत पगार वाढतात, मंदीत युनियन ते खाली येऊ देत नाही. परिघावर मजूर असंघटित, शिवाय हाताला काम नसलेल्यांची रांग मोठी. तेथे सुधारणा झाली की माल स्वस्त होतो आणि त्या स्वस्ताईचा फायदा समुद्रापलीकडचा गिऱ्हाईक घेतो. मंदी आली की सगळा भार मळ्यातल्या आणि खाणीतल्या मजुरावर पडतो.

विलायती पंडितांनी साहजिकच आरडाओरड केली. व्हायनर, हाबर्लर यांच्यासारख्या नामवंतांनी आक्षेप घेतले की यंत्रांचा दर्जा सुधारला ते धरले नाही, जहाजाचे भाडे उतरले ते धरले नाही. काही आक्षेप रास्त होते आणि त्या आकड्यांवरचा वाद आजही मिटलेला नाही. पण त्या वादापेक्षा आम्हाला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. शेती करणाऱ्या देशाने शेतीच करावी, कारखाने ज्यांच्याकडे आहेत त्यांनीच चालवावेत आणि यातच सर्वांचे कल्याण आहे, हे तत्त्वज्ञान आपल्या कानांना नवे आहे काय? ज्याने त्याने आपापला नेमलेला धंदा करावा, दुसऱ्याचा धंदा कितीही बरा असला तरी करू नये, असे आपल्याला किती शतके ऐकविले गेले? प्रेबिशला चातुर्वर्ण्य ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी देशादेशांतल्या नेमलेल्या धंद्यांच्या कल्पनेवर त्याने जो घाव घातला, त्याचे मोल आंबेडकरी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. तुलनेला मर्यादा आहे हे आम्ही जाणतो. देशाला कर्ज काढून कारखाना उभारता येतो, जातीतल्या माणसाला कर्ज काढून जात बदलता येत नाही.

या मंडळींचे दुसरे मोठे काम म्हणजे त्यांनी संस्था उभी केली आणि टिकवली. चिलीच्या हेर्नान सांता क्रुझ यांच्या पुढाकाराने १९४८ साली सांतियागो येथे सेपालची स्थापना झाली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. अमेरिकेला हा आयोग नकोच होता. तीन वर्षे संपत आली तेव्हा १९५१ च्या मेक्सिको परिषदेत अमेरिकेने आपल्या वर्चस्वाखालच्या दुसऱ्या मंडळात त्याचे विलीनीकरण सुचविले. ब्राझीलचे अध्यक्ष वार्गास यांनी पाठिंबा दिला, इतर देश उभे राहिले आणि आयोग वाचला. मग तेथे तरुणांची फळी तयार झाली. देशोदेशीच्या अधिकाऱ्यांसाठी अभ्यासवर्ग निघाले, आपले आकडे आपण गोळा करण्याची पद्धत बसली. आपल्याकडे किती संस्था निघाल्या आणि किती गटबाजीत बुडाल्या, याचा हिशेब वाचकांनी मनात करावा. आम्ही तो येथे मांडीत बसत नाही.

हा विचार सांतियागोपुरता राहिला नाही. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, म्हणजे अंक्टाड, जिनिव्हात भरली आणि प्रेबिश तिचे पहिले सरचिटणीस झाले. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील देशांचा ‘७७ चा गट’ तेथेच बांधला गेला. भारत त्यात होता. परिषदेचे दुसरे अधिवेशन १९६८ साली दिल्लीत झाले. गरीब देशांच्या कारखान्यांतल्या मालावर श्रीमंत देशांनी कमी जकात लावावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले आणि १९७१ नंतर काही प्रमाणात ते अमलात आले. उपकार म्हणून मदत नको, व्यापारात न्याय द्या, ही मागणी जागतिक व्यासपीठावर आली ती या माणसांमुळे.

देशात काय करायचे याचेही उत्तर सेपालने दिले होते. बाहेरून येणारा माल आपल्याच देशात बनवा, नव्या कारखान्यांना जकातीचे संरक्षण द्या आणि सरकारने नियोजन करावे. ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना येथे कारखाने उभे राहिलेही. पण कारखान्याची यंत्रे घ्यायला पुन्हा डॉलर लागले. जकातीच्या भिंतीवरून उडी मारून परदेशी कंपन्याच आत आल्या आणि त्यांनी आतच कारखाने काढले. माल बनला तो मोटारींचा आणि फ्रिजचा, म्हणजे वरच्या थराचा. जमिनीला कोणी हात लावला नाही. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कर आले.

या निराशेतून पुढची पिढी बोलू लागली. ब्राझीलमधून परागंदा झालेले फर्नांडो हेन्रिक कार्डोसो आणि चिलीचे एन्झो फालेत्तो यांनी सांतियागोमध्ये बसून परावलंबित्वावर पुस्तक लिहिले; ते १९६९ मध्ये निघाले. त्यांचे म्हणणे असे की गुलामी फक्त बाहेरून लादली जात नाही. देशातला एक वर्ग बाहेरच्या भांडवलाशी सोयरीक करतो आणि त्या सोयरिकीवरच सगळी इमारत उभी राहते. मात्र जगात गाजले ते आंद्रे गुंडर फ्रँक. बर्लिनमध्ये जन्मलेले, शिकागोत शिकलेले फ्रँक इंग्रजीत लिहीत होते. कार्डोसो-फालेत्तोंच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर यायला १९७९ उजाडले, तोवर सिद्धांताला चेहरा दुसऱ्याचा लागला होता. हे आपल्याही अनुभवातले आहे. हिंदुस्थानच्या शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे लटकली आहेत, ती रिकामी श्रमशक्ती उद्योगाकडे वळविल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही, असे बाबासाहेबांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रावरच्या निबंधात मांडले. असाच मुद्दा आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडला आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. लुईस हे कॅरिबियन बेटावरचे कृष्णवर्णीय विद्वान, त्यांच्या सन्मानाचा आम्हाला आनंदच आहे. पण विकासाच्या अर्थशास्त्राच्या किती पाठ्यपुस्तकांत १९१८ चा उल्लेख सापडतो?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

सेपालच्या तरुण फळीतला सर्वांत तेजस्वी माणूस म्हणजे सेल्सो फुर्तादो. जन्म जुलै १९२० चा, ब्राझीलच्या ईशान्येकडील परायबा राज्यातला, म्हणजे दुष्काळ आणि उसाचे मळे यांच्या मुलखातला. प्रेबिशच्या अहवालाचे पोर्तुगीज भाषांतर त्यानेच केले. १९५९ मध्ये त्याचा ब्राझीलच्या आर्थिक जडणघडणीवरचा ग्रंथ आला. तो आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. त्याच वर्षी त्याने ईशान्य ब्राझीलवर अहवाल लिहिला आणि त्यात एक विलक्षण गोष्ट दाखविली. ईशान्येचा माल परदेशात विकून मिळालेले परकीय चलन दक्षिणेतल्या साओ पावलोच्या कारखानदारांच्या यंत्रांवर खर्च होते आणि त्या कारखान्यांचा महाग माल मात्र ईशान्येने घ्यायचा. म्हणजे लंडन आणि अर्जेंटिना यांच्यात जे चालते, तेच एका देशाच्या पोटात चालले आहे! या अहवालातून ईशान्येच्या विकासाचे सरकारी महामंडळ निघाले आणि फुर्तादो त्याचा प्रमुख झाला. १९६४ च्या उठावानंतर लष्कराने ज्यांचे राजकीय हक्क काढून घेतले, त्यांच्या पहिल्या यादीत त्याचे नाव होते. त्याची पुढची अनेक वर्षे परदेशात गेली.

अशा माणसाबद्दल आम्हाला आदर आहे आणि म्हणूनच पुढचे लिहिताना आमचा हात जड होतो. त्याच १९५९ च्या ग्रंथात गुलामगिरीच्या अंतावर एक प्रकरण आहे. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून चाळीस लाखांहून अधिक माणसे साखळदंडात आणली गेली. तेथे गुलामगिरी बंद झाली १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. कायद्याला कलमे दोनच. गुलामगिरी रद्द झाली आहे हे पहिले, याविरुद्धच्या तरतुदी रद्द समजाव्यात हे दुसरे. जमीन नाही, भरपाई नाही, शाळा नाही. मुक्त झालेला माणूस कॉफीच्या मळ्यांच्या नव्या वैभवात का शिरू शकला नाही, याचे उत्तर देताना फुर्तादो काय लिहितो? गुलामगिरीत वाढलेल्या त्या माणसाला संपत्ती साठविण्याची कल्पनाच नव्हती, त्याची मानसिक वाढ खुंटलेली होती, त्याच्या गरजाच मुळात थोड्या होत्या, म्हणून मजुरी वाढली की तो काम कमी करून आराम पसंत करी, अशा आशयाचे!

वाचकहो, ही भाषा ओळखीची वाटली ना? ‘या लोकांना दिले तरी टिकत नाही’, ‘यांना कष्ट नकोत’, ही वाक्ये आपण गावच्या पारावर ऐकली आहेत आणि कचेरीतही. साम्राज्याच्या विरोधात उभा राहिलेला, दुष्काळी मुलखाचा कैवारी, लष्कराने हद्दपार केलेला हा पंडित. अर्जेंटिनाच्या गव्हाचा भाव का पडतो याचे कारण शोधताना या मंडळींनी शेतकऱ्याच्या स्वभावाला दोष दिला नाही. त्यांनी व्यापाराची रचना तपासली. काळ्या माणसाच्या दारिद्र्याचे कारण शोधण्याची वेळ आली, तेव्हा मात्र रचना बाजूला राहिली आणि त्याच्या मनाची तपासणी सुरू झाली.

योगायोग असा की त्याच जुलै १९२० मध्ये, अवघे चार दिवस आधी, साओ पावलोमध्ये आणखी एक मूल जन्मले होते. फ्लोरेस्तान फर्नांडिस. आई पोर्तुगालहून आलेली, लोकांच्या घरी काम करणारी. हा मुलगा सहाव्या वर्षापासून राबला, उशिरा शिकला आणि समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. तो स्वतः गोरा होता. पण साओ पावलोच्या कृष्णवर्णीय संघटनांच्या माणसांत बसून, त्यांचे बोलणे ऐकून त्याने संशोधन केले आणि १९६५ मध्ये वर्गसमाजातील कृष्णवर्णीयांच्या स्थानावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने सांगितले की मुक्त माणसाला हात रिकामे ठेवून बाजारात ढकलले गेले. त्याच वेळी युरोपातून येणाऱ्या गोऱ्या मजुरांच्या प्रवासभाड्याचा खर्च साओ पावलोचे सरकार उचलत होते. मालकाने निवड केली, सरकारने निवड केली आणि दोष मात्र काळ्याच्या आळसाला दिला. ब्राझीलमध्ये वर्णभेद नाही ही तेथील प्रस्थापितांची लाडकी कथा होती. ती खोटी आहे हे आब्दियास दो नासिमेंतो १९४४ पासून आपल्या कृष्णवर्णीय रंगभूमीवरून ओरडून सांगत होते. मेक्सिकोत गोन्झालेझ कासानोव्हा आणि स्टाव्हेनहागेन यांनी याच सुमारास मूळनिवासी इंडियनांच्या बाबतीत ‘अंतर्गत वसाहत’ हा शब्द वापरला. कार्डोसो हे तर फ्लोरेस्तान यांचेच विद्यार्थी, त्यांचा आरंभीचा ग्रंथ दक्षिण ब्राझीलमधल्या गुलामगिरीवर होता. म्हणजे माहिती नव्हती असे नाही. समाजशास्त्राच्या कपाटात ती होती. विकासाच्या नकाशावर ती आली नाही.

फुर्तादोने देशाच्या आतला परीघ पाहिला होता, हे येथे विसरता कामा नये. पण तो प्रदेशाचा परीघ होता, माणसांचा नव्हता. आपल्या महाराष्ट्रात १९८४ मध्ये दांडेकर समितीने विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष मोजला. जिल्हावार मोजला, रस्ते, विहिरी, शाळा, दवाखाने यांचा मोजला. त्या जिल्ह्यातल्या रस्त्याचा डांबरी तुकडा गावात शिरून वेशीपाशी थांबतो की वस्तीपर्यंत जातो, हे त्या हिशेबात बसत नव्हते. नोकऱ्यांतल्या राखीव जागांचा अनुशेष हा शब्द आपल्याला आपल्या पद्धतीने वापरावा लागला तो यामुळेच.

देशाभिमानी अर्थशास्त्राला हा आजार जुनाच आहे. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेला कशी वाहून जाते, याचा हिशेब दादाभाई नौरोजींनी मांडला. तो खरा होता. शेतकऱ्याच्या घरातली संपत्ती गावातल्या गावात कोणाकडे वाहून जाते, हे विचारायला महात्मा फुल्यांना १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहावा लागला. आणि बाबासाहेबांनी हे दोन्ही हिशेब एका वहीत मांडले. ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ चा, प्रेबिशच्या अहवालाच्या २६ वर्षे आधीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदी उतरली, रुपया घसरला आणि येथले निर्यातदार, गिरणीमालक खूश झाले. घसरलेला रुपया म्हणजे देशी उद्योगाला मिळालेले बक्षीसच, असे सांगितले जाऊ लागले. बाबासाहेबांनी प्रश्न केला की हे बक्षीस आले कोणाच्या खिशातून? भाव चढले त्या वेगाने मजुरी चढली नाही. म्हणजे परदेशातून काही मिळाले नाही, देशातल्याच मजुराच्या ताटातले काढून मालकाच्या ताटात वाढले. देशाचा फायदा या शब्दाआड कोणत्या वर्गाचा फायदा उभा आहे, हे चलनाच्या किचकट विषयातही त्यांनी विचारले. ते सुटाबुटातल्या ब्रिटिश तज्ज्ञांना घाबरले नाहीत आणि देशी शेठजींनाही भुलले नाहीत.

पुढे १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आले. १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ आले. त्यात मूलभूत उद्योग आणि विमा सरकारच्या मालकीचा, शेती हा सरकारी उद्योग, जमीन गावकऱ्यांना जातधर्म न पाहता सामुदायिकपणे कसायला द्यायची, जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही शब्द संपावेत, अशी योजना होती. सेपालला कारखाना दिसला, नियोजन दिसले. जमिनीपाशी त्यांची जीभ अडखळली आणि वर्णापाशी बंद पडली. बाबासाहेबांच्या आराखड्यात कारखाना, जमीन आणि जात एकाच पानावर आहेत. तो आराखडा संविधानात जाऊ शकला नाही. का जाऊ शकला नाही हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

आजच्या वादात हे कोठे बसते? १९८२ मध्ये मेक्सिकोचे कर्ज थकले आणि लॅटिन अमेरिकेत नाणेनिधीचा अंमल सुरू झाला. १९९१ मध्ये आपणही त्याच दारात उभे होतो. परावलंबित्वावर लिहिणारे कार्डोसो १९९५ मध्ये ब्राझीलचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच काळात सरकारी खाण कंपनी व टेलिफोन कंपनी विकली गेली. (विद्वानांची पुस्तके आणि विद्वानांची खुर्ची यांत असे अंतर आपण येथेही पाहिले आहे.) आपल्याकडे तेव्हापासून दोन तट आहेत. एक म्हणतो, स्वदेशी वाचवा. दुसरा म्हणतो, जागतिकीकरणाने जात मोडेल, बाजार जात विचारत नाही. आपल्या चळवळीतही हा दुसरा सूर २००२ च्या भोपाळ परिषदेनंतरच्या वर्षांत जोरात लागला. आपली मुले उद्योजक व्हावीत, जरूर व्हावीत. पण सरकारी कारखाना विकला जातो तेव्हा त्यातल्या राखीव जागाही त्याच सौद्यात जातात, त्यांची किंमत कोणत्याच निविदेत लिहिलेली नसते. आणि स्वदेशीवाल्यांना आमचा प्रश्न १९२३ चाच आहे की बक्षीस कोणाच्या खिशातून? आम्ही दोघांच्याही तंबूत नाही.

ब्राझीलची गोष्ट मात्र तेथे थांबली नाही. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद झाली. जातीचा प्रश्न तेथे येऊ नये म्हणून भारत सरकारने जंग जंग पछाडले, तरी आपली माणसे तेथे गेली आणि बोलली. त्याच परिषदेत ब्राझीलच्या कृष्णवर्णीय संघटनाही आल्या होत्या. परत जाऊन त्यांनी विद्यापीठांत राखीव जागांचा आग्रह धरला. रिओ आणि ब्राझीलियाच्या विद्यापीठांत सुरुवात झाली. गुणवत्तेचा गळा काढणारे तेथेही होते, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल २०१२ मध्ये न्यायालयाने एकमताने राखीव जागा वैध ठरविल्या. त्याच वर्षी कायदा झाला. केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांना आणि त्यांत कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय व मूळनिवासी यांना त्या त्या राज्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात. खुद्द सेपालनेही २०१६ मध्ये विषमतेवरच्या अहवालात वर्ग आणि प्रदेश यांच्याबरोबर वंश, वर्ण आणि स्त्री-पुरुष भेद हे विषमतेचे आधार असल्याचे लिहिले. हवानाच्या परिषदेला तेव्हा ६७ वर्षे झाली होती.

फुर्तादोचा ग्रंथ ब्राझीलमध्ये अजूनही छापला जातो, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नेमला जातो. ते प्रकरणही त्यात आहे. पूर्वी ते वाचणाऱ्या वर्गात ज्यांच्याबद्दल ते लिहिले आहे त्यांची पतवंडे जवळपास नसतच. आता ती पुढच्या बाकांवर बसलेली आहेत.